आईच्या हातातली खुर्ची

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "मापं झाली का?" आणि दोन्ही वेळा मी "झाली, छान झाली" म्हणून विषय बदलला. आई समोरच मटार सोलत बसली होती. आपल्या घरात फोनवर मनातलं बोलायचं म्हणजे चव्हाट्यावर उभं राहून बोलल्यासारखं. म्हणून हे पत्र.

मापं घेणाऱ्या बाई माझ्याहून लहान असतील. आधी त्यांनी मला जुन्या चाकांच्या खुर्चीतच समोरून, बाजूने नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही खुर्ची कोणासाठी घेतली होती?" आई म्हणाली, "हिच्यासाठीच की. जरा ऐसपैस बघून घेतली." बाईंनी वही उघडली. मला एका फळीवर बसवलं आणि कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत, कोपराची उंची, खांद्याच्या पात्याची उंची, असं सगळं मोजलं. मला हसूच येत होतं. रोज मी लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे पुढ्यात घेऊन मेणात एकेक दात बसवते. कवळी हिरडीला जरा टोचली तरी आजोबा दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या दारात हजर. आणि मी स्वतः इतकी वर्षं बाजूला उशी खुपसून, उजवीकडे कलून बसतेय आणि हूं की चूं केलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "दुखतं कुठे?"

आई म्हणाली, "नाही हो, दुखत-बिखत काही नाही. सवय झालीय तिला."

"काकू, मी यांना विचारतेय."

आईचं तोंड एवढंसं झालं. आणि मी, दादा, मी काय केलं असेल? मी बोलत सुटले. कंबर दुखते, खांदा दुखतो, पाय खुर्चीच्या पायरीला टेकत नाहीत म्हणून मांड्या सुन्न होतात, हात चाकापर्यंत पोचायचा तर खांदे कानापर्यंत उचलावे लागतात. आई माझ्याकडे बघत होती, जशी काही मी तिची चहाडी करतेय.

नंतर ती पाणी प्यायला बाहेर गेली, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "पाठीमागे ढकलायच्या मुठी हव्यात का? नसल्या तर खुर्ची हलकी होते, आणि येणारा-जाणारा कोणीही धरून ढकलत नाही."

मी म्हणाले, "नकोत."

तोंडातून निघूनच गेलं. आई परत आली तेव्हा कागदावर खूण करून झाली होती. घरी येताना तिने मला नेहमीसारखं ढकलत आणलं. खांदा दुखत होता तिचा, मला तिच्या श्वासावरून कळतं. त्या मुठींवर तिचे हात होते आणि मी एक शब्द बोलले नाही.

तुझी
चिंगी


१७ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

तुझं पत्र सामानाच्या गाडीबरोबर आलं. ते मी बोगद्याच्या तोंडाशी उभ्यानेच वाचलं.

खरं सांगू? आधी राग आला. नव्या खुर्चीसाठी मीच तुमच्या मागे लागलो होतो, ते आईच्या खांद्यासाठी. तिला तू जड जाऊ नयेस म्हणून. लिहिल्यावर हे वाक्य किती वाईट दिसतंय, पण खोडत नाही. तुला कुठे, किती दुखतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा माझा राग कुठल्या तोंडाने काढू?

तरी एक सांगतो. मुठी लावून घे. रोज वापरू नकोस हवं तर. आईला त्या दिसल्या तरी पुरेत. बाबा गेल्यानंतर तिला जायला तुझ्या खुर्चीमागची तेवढीच जागा होती. सकाळी तुला कवळ्यांच्या कारखान्यात सोडायचं, संध्याकाळी आणायचं. ती म्हणते ना, "मला वेळच कुठे असतो?" तो वेळ तिला असाच जायला हवा असतो.

आणि मुठी नकोच असतील तर तिला आत्ताच सांगून टाक. खुर्ची आल्यावर कळायला नको.

इथे कामाचा रेटा फार आहे. मला तिकडे असायला हवं होतं, हे रोज वाटतं.

दादा


२५ मार्च

प्रिय दादा,

नाही सांगितलं. रोज सकाळी ठरवायचे आणि ती केसांना तेल लावायला मागे उभी राहिली की गप्प बसायचे.

खुर्ची आली. त्या बाई स्वतः घेऊन आल्या. आधी मला नुसतं बसवलं आणि म्हणाल्या, "घाई करू नका. श्वास घ्या." दादा, मला कसं सांगावं कळत नाही. पाय पायरीवर सपाट टेकले. कंबर दोन्ही बाजूंनी कोणी हलक्या हातांनी धरल्यासारखी. मी सरळ बसले आणि आपल्या कपाटाच्या आरशात मला माझे दोन्ही खांदे एका रेषेत दिसले. चाकं अगदी हाताखाली. नुसता तळवा ठेवला आणि खुर्ची दारापर्यंत गेली. मी मोठ्याने हसले. लाज वाटेल असं, गदागदा.

आणि आई पुढे आली. "चल, तुला गॅलरीत नेते," म्हणाली आणि मागे गेली. मला दिसत नव्हतं, पण ऐकू आलं. तिच्या बांगड्या पाठीवरच्या कापडावर घासल्या, एकदा, दोनदा. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसे तिचे हात मुठी शोधत होते.

"मुठी विसरले वाटतं हे," ती म्हणाली.

त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. शेवटी मीच म्हणाले, "विसरले नाहीत, आई. मी नको म्हणाले."

"असं होय," ती म्हणाली. "बरं झालं. माझा खांदा सुटला." आणि चहा टाकायला गेली. त्या चहात साखर नव्हती. आईच्या चहात साखर नसणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तेव्हापासून ती माझ्याशी फार चांगली वागते. पाहुण्याशी वागावं तशी. कारखान्यात मी आपली आपण जाते. ती दारात उभी राहून "सांभाळून" म्हणते आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत दार लावत नाही. मी मुद्दाम हळू जाते, दादा. कोपरा वळला की मग जोरात. चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं. पण काय चव आहे त्याला!

चिंगी


३ मे

चिंगे,

महिन्याभरात तुझं एक अक्षर नाही, आणि काल आई फोनवर सहज बोलल्यासारखं बोलून गेली, "पायाला प्लास्टर आहे, काही विशेष नाही." खोदून विचारलं तेव्हा कळलं की तू संध्याकाळी वेळेवर आली नाहीस, अंधारून आलं, म्हणून ती तुला शोधायला बाहेर पडली आणि फुटपाथच्या कडेवरून घसरली. घोटा मोडला. "तिचा काही दोष नाही, मीच वेंधळी," असं ती तीन-तीनदा म्हणाली. म्हणजे काय समजायचं ते मी समजलो.

तू मला कळवलंसही नाहीस.

एक विचारू? मोकळं फिरायचं होतं ते फिरलीस. त्याआधी एक फोन करून "उशीर होईल" एवढं सांगायला काय झालं होतं? जी बाई इतकी वर्षं तुझ्यामागे उभी राहिली तिला तू एका मुठीची जागा ठेवली नाहीस, आणि आता तिला रस्त्यावर पाडलंस.

मला रजा मिळत नाही. नाहीतर काल रात्रीच निघालो असतो.

दादा


१२ मे

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचलं. परत वाचायचं धाडस झालं नाही, तरी पाठ झालंय.

कळवलं नाही कारण काय कळवणार? कामामुळे उशीर झाला असता तर त्याच दिवशी लिहिलं असतं. काम वेळेवर संपलं होतं. त्या दिवशी एका आजींची कवळी पहिल्याच खेपेला बरोबर बसली होती, त्यांनी पेरू खाऊन दाखवला म्हणून डॉक्टरांचा निरोप आला होता. मी खुशीत होते. घराकडे वळायच्या ऐवजी कालव्याच्या बाजूने गेले. तो रस्ता आई घ्यायची नाही, चढ आहे म्हणून. मी चढले. दमले, थांबले, परत चढले. वर एक बाक आहे, त्याच्याशेजारी खुर्ची लावून नुसती बसले. पाण्यावर दिवे लागताना बघितले. घरी फोन करायचं डोक्यात आलं होतं, दादा. आलं होतं. पण फोन केला असता तर आई म्हणाली असती, "तिथेच थांब, मी येते." म्हणून नाही केला.

आता म्हण काय म्हणायचं ते.

घरी आले तर दार उघडं, शेजारच्या काकू बाहेर उभ्या. "आईला दवाखान्यात नेलंय," म्हणाल्या. दवाखान्यात आईने मला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "पडलीबिडली नाहीस ना?"

पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून काकूंनी कपाटामागून माझी जुनी खुर्ची काढली. ती अजून कोणाला दिली नव्हती. आता आई तिच्यात बसते, मी नव्या खुर्चीत. स्वयंपाक मी करते, ओटा उंच आहे म्हणून जेवणाच्या टेबलावर शेगडी मांडून. आई मान वाकडी करून सूचना देते. बाहेरून कोणी आलं तर त्याला हसावं की रडावं कळणार नाही.

मी त्या बाईंना फोन करून विचारलं, मुठी आता लावता येतील का? येतात म्हणाल्या. तुझं बरोबर आहे. लावून घेते.

चिंगी


२१ मे

चिंगे,

मुठी लावू नकोस. निदान माझ्या पत्रामुळे तरी नको.

मी जे लिहिलं ते माझ्या हातून लिहिलं गेलं नसतं तर बरं झालं असतं. पण लिहिलं. आता दुसरंही लिहितो, म्हणजे तू मला नीट ओळखशील.

रजा मिळत नाही असं मी लिहिलं होतं. मी ती मागितलीच नाही. साहेबांनी स्वतःहून विचारलं, "घरी काही झालंय का? जाऊन या." मी म्हणालो, नाही, किरकोळ आहे. का म्हणालो? घरी आलो की आईचा खांदा दिसतो, तुझं कलून बसणं दिसतं, आणि मला उभं कुठे राहावं हे कळत नाही. इथे डोंगराच्या पोटात माझं माप चुकलं तर दोन्ही बाजूंनी खणत येणारी माणसं एकमेकांना भेटणार नाहीत, एवढंच मला समजतं. ते मी चुकू देत नाही. घरच्यासाठी मी फक्त फोन करतो आणि कोणावर तरी ओरडतो.

आईला तू पाडलं नाहीस. मी तिथे नव्हतो, म्हणून मला कोणीतरी दोषी हवं होतं. तू हाताशी होतीस.

कालव्यावर दिवे लागताना कसे दिसतात ते लिही. आईबद्दलही लिही, पण आधी ते.

दादा


२ जून

प्रिय दादा,

दिवे पिवळे असतात आणि पाण्यात ते लांबट होतात. वारा आला की मोडतात. मला एवढंच सांगता येतं. तू आलास की दाखवीन.

आता आईबद्दल.

पहिले काही दिवस तिने तक्रार केली नाही. मग एका सकाळी कुरकुरायला लागली. "ही खुर्ची एका बाजूला का ओढते गं?" मी म्हणाले, ती ओढतेच. "पाय लोंबकळतात." हो. "या चाकाला हात कसा पुरायचा माणसाचा?" मी शेगडीवरचं भांडं ढवळत राहिले. तिने उशी मागितली, बाजूला खुपसली. मग दुसरी मागितली. मी वळून बघितलं तर ती उजवीकडे कलून बसली होती, अगदी माझ्यासारखी, आणि त्या उशीकडे बघत होती.

त्या दिवशी ती जेवली नाही. भूक नाही म्हणाली.

काल तिला तपासायला न्यायचं होतं. काकूंनी ढकललं, मी शेजारून गेले. नाव नोंदवायच्या खिडकीतल्या मुलीने काकूंना विचारलं, "यांना काय होतंय? नाव काय यांचं? वय?" काकू सांगायला लागल्या. आणि आई कडाडली, "मला तोंड आहे! मला विचार!" सगळा दवाखाना वळून बघायला लागला. ती मुलगी गडबडली, सॉरी आजी म्हणाली.

आईने मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रागावेल. ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी असंच बोलत आले ना गं? सगळीकडे?"

नाही म्हणणं खोटं, हो म्हणणं क्रूर. मी म्हणाले, "तू बरोबर उत्तरं द्यायचीस."

"दुखत नाही म्हणून सांगितलं मी त्या बाईला," ती म्हणाली. "मला खरंच वाटायचं दुखत नाही. तू कधी बोलली का नाहीस?"

"तू ढकलत होतीस, आई. तुझा खांदा दुखत होता. वर मी काय बोलणार?"

तेवढ्यात आमचा नंबर आला. बरं झालं. पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघेल.

मला अजून वाटतं, मी फोन करायला हवा होता. ते काही जात नाही. पण मी मुठी लावल्या नाहीत.

चिंगी


२६ जून

बाळा,

आशीर्वाद. पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

तुम्ही दोघं एकमेकांना लिहिता हे मला माहीत आहे. मी तुमची पत्रं उघडलेली नाहीत. उघडायची गरजच काय? पाकीट आलं की हिचं तोंड उतरतं, आणि पुढच्या फोनवर तुझा आवाज बसलेला असतो. माझ्या दुखण्यावरून तुम्ही दोघं एवढं मनाला लावून घेता की मला घरात मोठ्याने कण्हायचीही चोरी झाली आहे.

प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालते. घोटा सुजतो, पण चालतो.

तुला एक लिहायचं आहे, फोनवर सांगता येत नाही कारण आता तीच शेजारी बसलेली असते. ती जुनी खुर्ची मी ऐसपैस बघून घेतली होती. दुकानदार म्हणालाही होता, जरा लहान बघा. मी म्हणाले, मोकळी बसू दे पोरगी. मला कोणी मुद्दाम फसवलं असतं तर त्याला बोल लावला असता. इथे लावायचा कोणाला? मी तिच्यात थोडे दिवस बसले आणि पाठ सरळ करता येईना. ती किती वर्षं बसली ते मी मोजत नाही. मोजलं तर झोप लागत नाही.

तिला मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "पुरे, आई, भाजी करपतेय." खरंच करपत होती.

गेल्या आठवड्यापासून मी तिच्याबरोबर तिच्या कामाच्या ठिकाणापर्यंत जाते. पोचवायला नाही, पाय मोकळे करायला. पहिल्या दिवशी वाटेत किराणा दुकानाशी थांबलो तर तिथल्या दुकानदाराने सवयीने मला विचारलं, "ताईंना काय हवं?" मी काठीकडे बघत उभी राहिले. मग त्याने तिला विचारलं. मला जिभेवर दात रोवून धरावे लागले, पण धरले.

मग आम्ही निघालो. इतकी वर्षं मी तिच्या मागे चालले, बाळा. मला तिचे केस माहीत आहेत, भांग माहीत आहे, मानेवरचा तीळ माहीत आहे. रस्त्याने जाताना तिचा चेहरा कसा असतो ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी शेजारून बघितला. ती पाट्या वाचते, ओठ हलवत, प्रत्येक दुकानाची. ओळखीचं कुत्रं दिसलं की भुवया वर करते. चढ आला की दात खाते आणि वर पोचली की कोणाला न दिसेलसं हसते. तुझ्या बाबांचं हसू आहे ते. मला कधी दिसलंच नव्हतं, मी मागे होते.

तू रजा घेऊन ये. माझ्यासाठी नको, माझं ठीक चाललंय. तिच्याबरोबर एकदा शेजारून चालून बघ.

एवढंच की ती फार जोरात जाते. या घोट्याने माझा टिकाव लागत नाही. हाक मारली तर लगेच थांबते बिचारी, आणि मग पार कारखान्यापर्यंत हळू जाते, चेहरा पाडून. म्हणून मी हाक मारत नाही. पुढे जाऊ देते. कोपऱ्यावर वळून ती मागे बघते, तेव्हा मी काठी उचलून दाखवते, म्हणजे तिला कळतं की मी येतेय.

तुझी
आई